तुझं गाव कोणतं?



शाळेच्या प्रवेश अर्जावर नाव आणि जन्मतारखेनंतर एक रकाना असतो, 'मूळ गाव'. दर जूनमध्ये आम्ही शिक्षक हे अर्ज चाळतो. शिरपूर, अमळनेर, पारोळा, शिंदखेडा, दोंडाईचा, चोपडा, एरंडोल, नंदुरबार... खानदेशचा नकाशाच टेबलावर पसरल्यासारखा वाटतो. पूर्वी हा रकाना वडील भरायचे. आता पुष्कळदा मूल स्वतःच अर्ज भरते आणि मध्येच पेन थांबवून विचारते, "सर, मी तर इथेच जन्मलो. माझे पप्पासुद्धा इथेच जन्मले. मग काय लिहू?"

आम्ही आजवर "आजोबांचं गाव लिही" असे सांगून मोकळे होत आलो. पण या वर्षी एक प्रसंग असा घडला की त्या उत्तराचा आम्हालाच संकोच वाटू लागला.

सातवीच्या वर्गाला 'माझे गाव' हा निबंध लिहायला दिला होता. दोन-तीन वह्या सोडल्या तर सगळ्या वह्यांत तेच गाव होते. गावाच्या वेशीवर मारुतीचे देऊळ, पाटाचे खळाळते पाणी, आंब्याची गर्द आमराई आणि संध्याकाळी घरी परतणारी गुरे. निम्मे मार्गदर्शिकेतून उतरवलेले आणि निम्मे ऐकीव. यांतली बरीच मुले उन्हाळ्यात चार दिवस लग्नासाठी गावी जातात, तेवढीच. आमराई त्यांच्यापैकी किती जणांनी पाहिली असेल, देव जाणे.

एका मुलाने मात्र सुरतेविषयी लिहिले होते. त्याचे वडील सोळाव्या वर्षी गावाहून आले आणि लूम्सच्या खात्यात रात्रपाळीला लागले. बारा तास संच्यावर उभे राहून सकाळी सायकलवर घरी येताना त्यांना झोप अनावर झाली आणि ते सायकलसकट खाडीच्या कडेला पडले. भाजीची टोपली घेऊन निघालेल्या एका गुजराती मासीने त्यांना हात देऊन वर काढले, जवळच्या लारीवर चहा पाजला आणि "भाई, घेर जईने ऊंघजे" असे दटावले. पुढे कित्येक वर्षे त्यांच्या घरी भाजी त्या मासीकडूनच यायची. मुलाने शेवटी लिहिले होते, "आता तिथे हार्डवेअरचे दुकान आहे. पण मी तिथून जाताना सायकल हळू चालवतो."

शुद्धलेखनाच्या चुका पुष्कळ होत्या. तरीही वर्गातला सर्वांत चांगला निबंध तोच होता, कारण त्या मुलाला गाव होते. बाकीच्यांकडे निबंध होता.

त्या दिवसापासून आमच्या मनात एक विचार घर करून आहे आणि तोच आज आपल्यापुढे मांडायचा आहे. जागा आपली होते ती तिथे आपल्या माणसाला काय झाले हे ठाऊक असल्यामुळे. सातबारा किंवा वीजबिल त्यानंतरची गोष्ट. खानदेशातले गाव आपल्या मुलांना आपले वाटते, कारण आजी त्याच्या गोष्टी सांगते. विहीर कुणी खोदली, कुठल्या वर्षी ज्वारी हातची गेली, कुठल्या बांधावरून भाऊबंदकी झाली, हे सारे ती सांगते. सुरतेच्या गोष्टी मात्र घरात कुणी सांगत नाही. ज्या शहराने दोन-तीन पिढ्या पोसल्या, ते मुलांना फक्त पत्ता म्हणून माहीत असते.

असे का झाले? पालकांना दोष देण्याचा आमचा हेतू नाही. पहिले कारण वेळेचे. बारा बारा तासांच्या पाळ्या असतात. मूल जागे तेव्हा बाप झोपलेला आणि बाप घरी तेव्हा मूल शाळेत. दुसरे कारण मनाचे. चार पैसे गाठीला बांधून परत जायचे, म्हणून आपण सुरतेला आलो. सुरत कमवायची जागा आणि गाव जगायची जागा, असा हिशेब होता. परत जाणे दरवर्षी पुढच्या दिवाळीवर ढकलले गेले आणि बघता बघता नातवंडे शाळेत आली. तिसरे कारण थोडे नाजूक आहे. आपल्याला त्या दिवसांची लाज वाटते. एका खोलीत आठ जण, पाळीपाळीने अंथरूण, सार्वजनिक नळावरची भांडणे, शेठने कापलेला पगार. हे मुलांना कशाला सांगायचे, त्यांनी शिकून मोठे व्हावे, असे आई-वडिलांना वाटते. त्यांची भावना आम्ही समजू शकतो. पण न सांगितलेल्या गोष्टीची जागा रिकामी राहत नाही. तिथे टीव्ही आणि मोबाइल येऊन बसतात.

गंमत अशी की, सुरत आणि खानदेश यांना जोडणारी सर्वांत मोठी गोष्ट आपल्या डोळ्यांसमोरून रोज वाहते आहे. तापी मध्य प्रदेशातील मुलताईला उगम पावते, बुऱ्हाणपूरवरून खानदेशात येते, भुसावळ परिसरातून आणि धुळे-नंदुरबारच्या शिवारातून वाहत उकाईच्या जलाशयात शिरते आणि सुरतेच्या पुढे समुद्राला मिळते. आजोबांनी ज्या नदीत म्हशी धुतल्या, त्याच नदीचे पाणी नातू नळाने पितो. आपण परमुलखात आलो असे म्हणतो खरे, पण आलो ते आपल्याच नदीच्या काठाने, उताराच्या दिशेने.

आगगाडीचा रस्ताही तोच. उधना-जळगाव लोहमार्ग तापीच्या खोऱ्यातूनच जातो आणि सुरत-अमळनेर हा त्याचा भाग 1900 च्या सुमारास सुरू झाला. वाटेत नवापूर स्थानक लागते. त्या स्थानकातूनच राज्यांची हद्द गेली आहे. थोडा भाग महाराष्ट्रात, थोडा गुजरातेत. फलाटावरच्या एका बाकड्यावर तशी रेघही मारलेली आहे. एका टोकाला बसलेला माणूस एका राज्यात आणि दुसऱ्या टोकाचा दुसऱ्या राज्यात! आमच्या मुलांना हे बाकडे फार आवडते. पण त्या फलाटावरून आपले आजोबा कुठल्या वर्षी, कुणाच्या भरवशावर, खिशात किती रुपये घेऊन पुढे आले, हे विचारले तर वर्गात शांतता पसरते.

आता थोडे इतिहासाविषयी. सुरतेतल्या मराठी मुलाला एक प्रश्न कधी ना कधी ऐकावा लागतोच. छत्रपती शिवाजी महाराजांनी जानेवारी 1664 मध्ये आणि पुन्हा ऑक्टोबर 1670 मध्ये सुरतेवर स्वारी केली. आपल्या घरात ही अभिमानाची गोष्ट असते. शेजारच्या घरात तीच गोष्ट वेगळ्या सुरात सांगितली जाते. "तुम्ही आमचं सुरत लुटलं" या वाक्यावरून आमच्या दोन विद्यार्थ्यांची शिकवणीतल्या मित्रांशी हातघाईवर बाचाबाची झाली. आम्ही इतिहास समजावला. सुरत तेव्हा मुघलांचे सर्वांत श्रीमंत बंदर होते, सुभेदार इनायतखान किल्ल्यात दडून बसला, इंग्रजांनी जॉर्ज ऑक्झेंडनच्या हाताखाली आपली वखार राखली वगैरे. (हा ऑक्झेंडन सुरतेतच, कतारगामकडच्या जुन्या इंग्रज कबरस्तानात चिरविश्रांती घेत आहे. आमच्या किती विद्यार्थ्यांनी ती भव्य कबर पाहिली आहे?) मुलांनी सगळे ऐकून घेतले. राग काही गेला नाही.

गेला तो निराळ्याच गोष्टीने. बोलता बोलता असे निघाले की, भांडणाऱ्या दोघांपैकी एकाची आजी आणि समोरच्याची बा, दोघींनी 2006 च्या रेलेत एकाच इमारतीच्या गच्चीवर तीन रात्री काढल्या होत्या. सुरतेत पुराला 'रेल' म्हणतात. गावाहून नवीन आलेल्या माणसाला वाटते की आगगाडीविषयी चालले आहे! त्या ऑगस्टमध्ये उकाई धरणातून 9 लाख क्युसेकच्या आसपास पाणी सोडावे लागले आणि शहराचा बहुतेक भाग पाण्याखाली गेला. 9 ऑगस्टला राखीपौर्णिमा होती. त्या गच्चीवर राख्या कुठून येणार? म्हणून साडीच्या काठाच्या चिंध्या फाडून बांधल्या, अशी आठवण आजींनी सांगितली. बांनी त्यात दुरुस्ती केली, "काठ नहीं, मारो नवो रूमाल हतो." दोघींचे त्यावर अजून एकमत झालेले नाही. मुलांची मैत्री जुळली की नाही म्हणाल, तर दुसऱ्या दिवशी क्रिकेटवरून पुन्हा भांडण झाले. पण ते आता शेजाऱ्यांचे भांडण होते. साडेतीनशे वर्षांपूर्वीचे नव्हे.

अशीच गोष्ट 1994 च्या प्लेगची. त्या सप्टेंबरात काही दिवसांत लाखो माणसे सुरत सोडून गेली. भुसावळकडे जाणाऱ्या गाड्यांत पाय ठेवायला जागा नव्हती. आपल्यातली कित्येक कुटुंबे त्या गर्दीत होती. काहींना स्वतःच्या गावानेही जवळ केले नाही. सुरतेहून आलेत म्हणून वेशीबाहेरच्या खळ्यात आठवडाभर राहावे लागले, अशी आठवण एका माउलीने आम्हाला सांगितली. "त्या दिवशी कळलं, की आम्ही गावाला सुरतवाले झालो होतो आणि सुरतेला गाववाले," असे त्या म्हणाल्या. आणि तरीही सगळे परत आले. 1995 पासून महापालिका आयुक्त एस. आर. राव यांच्या कारकिर्दीत शहराने कात टाकली आणि 2023 च्या स्वच्छ सर्वेक्षणात सुरत इंदूरच्या बरोबरीने देशात पहिली आली. आमच्या भिंतीवरच्या तक्त्यावर हा क्रमांक आहे. परत येणाऱ्या माणसांची गोष्ट मात्र कुठल्याच तक्त्यावर नाही. ती फक्त तुमच्या घरात आहे.

पुस्तकातील इतिहासाचीही हीच तऱ्हा आहे. 1907 च्या डिसेंबरात राष्ट्रीय सभेचे अधिवेशन आधी नागपूरला ठरले होते, ते सुरतेला हलवले गेले. लोकमान्य टिळक बोलायला मंचावर उभे राहिले, गोंधळ उडाला आणि सभेतून भिरकावलेला एक मराठी धाटणीचा जोडा सुरेंद्रनाथ बॅनर्जींना लागून फिरोजशहा मेहतांवर आदळला. पुढे जहाल आणि मवाळ वेगळे झाले. आमची मुले 'सुरत फूट' या मुद्द्यावर टिपा लिहून गुण मिळवतात. ही सुरत म्हणजे आपलीच सुरत, सभा तापीकाठच्या एका बागेत भरली होती, हे सांगितले की त्यांचे डोळे विस्फारतात. "सर, आपली म्हणजे आपली चौक बाजारवाली?" असे एकाने विचारलेसुद्धा.

गोष्टीने जागा जवळ येते, ही काही आमची नवी युक्ती नव्हे. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिकवणाऱ्या साने गुरुजींनी 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिली. स्वतःच्या लहानपणच्या आठवणी, साध्या भाषेत. कोकणातले पालगड ज्यांनी जन्मात पाहिले नाही, अशा लाखो मराठी माणसांना ते गाव आपल्या आजोळासारखे वाटते. बाहेरच्या देशांतही असे प्रयत्न झाले आहेत. कॅनडातील टोरांटो शहरात 2003 साली 'मर्मर' नावाचा उपक्रम सुरू झाला. रस्त्यांवर जागोजागी हिरव्या कानाच्या आकाराच्या पाट्या लावल्या. पाटीवर फोन नंबर. तिथे उभे राहून तो फिरवला की त्याच जागेविषयीची एखाद्या साध्या रहिवाशाची आठवण त्याच्याच आवाजात ऐकू यायची. नामवंतांची चरित्रे नव्हेत, शेजारपाजारच्या माणसांच्या आठवणी. आपल्याला पाट्यांचा खर्चही नको. आपली माणसे अजून हयात आहेत.

खरे तर अजून काही हयात आहेत, असे म्हणायला हवे. आमच्या एका माजी विद्यार्थ्याचे आजोबा उधन्याच्या सुरुवातीच्या खात्यांपैकी एका खात्यात काम करत. त्यांनी शाळेत येऊन बोलायचे कबूल केले होते. आधी परीक्षा आल्या, मग स्नेहसंमेलन आले. दिवाळीनंतर बघू, असे आम्हीच त्यांना कळवले. दिवाळीनंतर त्यांच्या दहाव्याला जाण्याची वेळ आली. घरच्यांना विचारले तर ते म्हणाले, "बाबा कुठं काय सांगायचे, गप्पच असायचे." दोष कुणाचा म्हणावा? आमचाही आहे.

या विचाराला आक्षेप आहेत आणि ते आम्हाला ऐकवलेही गेले आहेत. काही ज्येष्ठांना वाटते की, मुलांना सुरतेच्या गोष्टीत रमवले तर ती खानदेश विसरतील, मराठीही विसरतील. आमचा अनुभव उलटा आहे. मुले मराठी विसरतात ती मराठीत सांगण्यासारखे काही उरत नाही म्हणून. आमच्या वर्गात एखाद्याच्या तोंडून चुकून अहिराणी 'शे' निघाले की बाकीची मुले हसतात. पण तीच मुले एखाद्या आजीची गोष्ट अहिराणीत ऐकताना तोंडाचा आ करून बसतात. कानबाईचा उत्सव आपण सुरतेत थाटाने करतो. रोट इथल्या गिरणीतल्या पिठाचे होतात आणि तरी ते खानदेशचेच असतात. मग गोष्टींनाच एवढी भीती कशाची?

दुसरा आक्षेप असा की, माणसे आठवणींना मीठमसाला लावतात. लावतातच. गच्चीवरच्या राखीचा काठ होता की रुमाल, हे आम्हाला अजून ठाऊक नाही. तारखा आणि आकडे तपासायला इतिहासाचे शिक्षक आहेत. बाकीचे दोघींकडे राहू द्यावे. मात्र एक काळजी घ्यायला हवी. गोष्टी फक्त कष्ट केले आणि यशस्वी झालो, अशाच नकोत. संच्यात बोटे गमावलेल्याची, धंद्यात बुडालेल्याची, परत गावी निघून गेलेल्याचीही गोष्ट हवी. आणि ज्याला सांगायचे नाही त्याला आग्रह नको.

आणखी एक कळकळीची विनंती. कृपा करून याची स्पर्धा घेऊ नका. प्रथम, द्वितीय, उत्तेजनार्थ, ढाली, प्रमाणपत्रे! वक्तृत्व स्पर्धेत मुले कशी हात उंचावून बोलतात, ते आपण पाहतोच. बापाच्या कष्टाची गोष्ट तशा आवाजात ऐकायला मिळाली तर ती न सांगितलेली बरी.

आमची योजना अगदी साधी आहे. महिन्यातून एकदा सुट्टीच्या सकाळी एका वर्गाने एका जागी जायचे. जागेवर, वर्गात नव्हे, कारण वर्गात माणूस भाषण करतो आणि जागेवर आठवतो. तिथे कुणाचे तरी आई, बाबा, आजी, काका उभे राहून तासभर सांगतील. मुले प्रश्न विचारतील. घरी जाऊन एक पान लिहायचे, कुणाची गोष्ट ते वर लिहायचे आणि सांगणाऱ्याला वाचून दाखवायचे. ती पाने शाळा जपून ठेवील. विश्वस्त मंडळींकडे मागणे एवढेच की, दरवर्षीच्या स्मरणिकेत जाहिराती आणि शुभेच्छांची पाने असतात, त्यांतली दहा-बारा पाने या लिखाणाला मिळावीत. जाहिरातींचे उत्पन्न थोडे घटेल, हे आम्हाला कळते. आपण या मागणीचा विचार कराल अशी आशा आहे. आपल्यापैकी काहींचे वडीलही त्याच पॅसेंजर गाडीने आले होते.

प्रवेश अर्जावरचा 'मूळ गाव' हा रकाना काढून टाकावा, असे आम्ही म्हणत नाही. त्याच्या शेजारी आणखी एक रकाना असावा, 'सुरतेत प्रथम कोण आले, कधी आणि कुठे उतरले'. जूनमधल्या अर्जापूर्वी घरात एकदा तरी हा विषय निघेल.

पहिल्या सकाळसाठी आम्ही त्या निबंधवाल्या मुलाच्या वडिलांना विचारले. ते आधी हसले. "माझं कसलं सांगण्यासारखं आहे, सर? झोप लागली आणि पडलो," म्हणाले. मग दोन दिवसांनी त्यांचाच निरोप आला. रविवारी रात्रपाळी सुटल्यावर आठच्या सुमारास ते खाडीजवळच्या त्या हार्डवेअरच्या दुकानापाशी थांबतील. सातवीच्या मुलांनी सायकली घेऊन यावे. मासी आता तिथे बसत नाहीत, पण त्यांची सून जवळच्या बाजारात असते असे कळले आहे. तिलाही बोलावणे धाडले आहे.